शेळीचे वय आणि शेळीचे वजन

वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या आठवडी बाजारात शेळ्यांच्या कोपऱ्याजवळ थोडा वेळ उभे राहावे आणि गिऱ्हाईक काय करते ते पाहावे. आधी तो जनावराभोवती एक फेरी मारतो. मग पाठीच्या कण्यावरून आणि बरगड्यांवरून हात फिरवतो. शेवटी एका हाताने शेळीचे तोंड धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ ओढतो, दात बघतो आणि भाव सांगतो. सगळे मिळून अर्धा मिनिटही लागत नाही. तराजू बहुधा नसतोच, सौदा उक्ता. समोर विकायला उभी असते ती बहुतेक वेळा चार-दोन शेळ्या पाळणारी एखादी शेतमजूर बाई, आणि तिने तो बोकड शाळेच्या वह्या-पुस्तकांसाठी नाहीतर दवाखान्याच्या खर्चासाठी आणलेला असतो.

त्या अर्ध्या मिनिटात दोन प्रश्नांची उत्तरे शोधली जातात. जनावराचे वय किती, आणि वजन किती? प्रश्न वेगवेगळे आहेत, पण आपला डोळा त्यांची सरमिसळ करतो. मोठे दिसते ते वयाने मोठे असणार आणि लहान दिसते ते कोवळे असणार, असे आपण न कळत धरून चालतो. माणसांच्या बाबतीतही हेच होते. वर्गातल्या उंच मुलाला आपण थोडा जास्त समजूतदार मानतो आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करतो! शेळीच्या बाबतीत या सरमिसळीचे परिणाम बरेच दूरवर जातात. ते कसे, हे पाहण्याआधी वय ओळखण्याच्या खुणा समजून घेऊ.

दातांचे घड्याळ

शेळीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. त्या जागी एक कडक, गुळगुळीत गादी असते. खालचे दात आणि वरची गादी यांच्यामध्ये पाला धरून शेळी तो तोडते. गाय, म्हैस, मेंढी यांचीही रचना अशीच. त्यामुळे ‘दात बघणे’ म्हणजे खालच्या जबड्यातले पुढचे आठ दात बघणे. वर दात नसल्याने पुढून चावण्याची भीती नसते. मात्र दाढा वर-खाली दोन्हीकडे असतात आणि चांगल्या धारदार असतात, म्हणून मुलांना हे दाखवताना बोट तोंडाच्या कडेने आत जाऊ देऊ नये.

करडाचे हे आठही दात दुधाचे असतात, बारीक, अरुंद आणि पांढरेशुभ्र. असे जनावर ‘अदंत’. पुढे मधली जोडी पडते आणि तिच्या जागी दोन रुंद, किंचित पिवळसर, कायमचे दात येतात. शेजारच्या दुधाच्या दातांपुढे ते फावड्यासारखे दिसतात, एकदा पाहिले की पुन्हा विसरत नाहीत. ही शेळी ‘दोनदाती’. मग मधल्या जोडीच्या दोन्ही बाजूंचा एकेक दात बदलतो तेव्हा ती चारदाती, नंतर सहादाती, आणि कडेची शेवटची जोडी बदलली की ‘जुळलेली’. ढोबळमानाने सांगायचे तर पहिली जोडी साधारण एक ते दीड वर्षाच्या दरम्यान बदलते, दुसरी दीड ते दोन, तिसरी अडीच ते तीन आणि चौथी तीन ते चार वर्षांच्या दरम्यान.

जुळल्यानंतर घड्याळ बंद पडत नाही, पण त्याची अचूकता खूप कमी होते. दात झिजतात, त्यांच्यात फटी पडतात, हलतात, गळतात. मात्र झिजण्याचा वेग वयाइतकाच खाण्यावर अवलंबून असतो. मातीला लागलेले खुरटे गवत खाणाऱ्या जनावराचे दात झाडपाला खाणाऱ्यापेक्षा लवकर झिजणार. म्हणून सहा वर्षांची आणि आठ वर्षांची शेळी दातांवरून वेगळी ओळखता येते असे कुणी म्हणाला तर त्यावर फार विसंबू नये.

वरचे आकडे मी ‘च्या दरम्यान’ असे दिले आहेत त्याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. पहिली ते तिसरीच्या वर्गात पुढचे दात पडलेली मुले असतात. त्यांतले कुणी सहाव्या वर्षी बोळके असते तर कुणी आठव्या. शेळीचेही तसेच, जातीनुसार आणि पोषणानुसार काही महिन्यांचा फरक पडतोच. तरीही दात हे उंची-वजनापेक्षा चांगले घड्याळ आहे. उपासमारीने शरीराची वाढ जितकी मागे पडते तितके दातांचे येणे मागे पडत नाही. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली, तेव्हा जन्मनोंदी नसल्यामुळे वय ठरवायचे कसे हा प्रश्न आला. मुलांची उंची पाहून वय ठरवले जाई. एडविन सॉंडर्स या दंतवैद्याने हजारांवर मुलांचे दात तपासून १८३७ मध्ये दाखवून दिले की दातांवरून काढलेले वय उंचीवरून काढलेल्या वयापेक्षा जास्त भरवशाचे असते. आपला बाजारातला गिऱ्हाईक ओठ ओढतो तेव्हा तो हेच तत्त्व वापरत असतो.

तत्त्व एकच असले तरी त्यातून निष्कर्ष काढताना एक चूक सर्रास होते. बकरी ईदच्या कुर्बानीसाठी बोकडाला वर्ष पूर्ण झालेले असावे असा नियम आहे. त्याची खूण म्हणून बाजारात बोकड दोनदाती आहे का ते बघतात. दोन दात आलेले असतील तर वर्ष झाले आहे, हे जवळपास नक्की. पण दात आलेले नसतील तर वर्ष झालेले नाही, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. चौदा महिन्यांचा बोकडही अदंत असू शकतो. ‘पाऊस पडला तर अंगण ओले होते’ यावरून ‘अंगण ओले आहे म्हणजे पाऊस पडला’ असे म्हणता येत नाही. तशातलाच हा प्रकार. आठवी-नववीच्या मुलांना तर्कशास्त्राचा हा मुद्दा समजावून द्यायला पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा हे बरे.

शिंगांवरची वर्षे

दात बघायला जनावर हातात यावे लागते. डोंगरकड्यावर तीनशे मीटर दूर उभ्या असलेल्या रानशेळीचा ओठ कोण ओढणार? तिथे शिंगे कामाला येतात.

चितळ-सांबराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. शेळी, मेंढी, गाय, काळवीट यांची शिंगे कधीच गळत नाहीत. आत हाडाचा गाभा आणि त्यावर आपल्या नखासारख्या पदार्थाचे आवरण अशी ती बनलेली असतात आणि बुडाकडून वाढतात. म्हणजे टोक सर्वांत जुने, बूड सर्वांत नवे. थंड प्रदेशात हिवाळ्यात चारा संपतो, शिंगाची वाढ थांबते, आणि वसंतात पुन्हा सुरू होते. या थांबण्याची खूण म्हणून शिंगावर एक खोलगट वळे राहते. सागाच्या बुंध्यातल्या कड्यांसारखीच ही वर्षाची नोंद.

मग आपल्या शेळ्यांच्या शिंगांवर अशी वळी का मोजत नाहीत? आपल्याकडे हिमवर्षाव नाही. उन्हाळ्यात चारा कमी पडतो हे खरे, पण पाळलेल्या शेळीला मालक बाभळीच्या शेंगा, पऱ्हाटीचा पाला, घरातले उष्टे-खरकटे असे काहीतरी घालतोच. आजारपण आणि विणे यांच्याही खुणा शिंगावर उमटतात. त्यामुळे वळी दिसतात, पण एक वळे म्हणजे एक वर्ष असा हिशेब जुळत नाही. हिमालयातल्या आयबेक्सच्या शिंगावर पुढच्या बाजूला मोठमोठ्या गाठी असतात. त्यासुद्धा वर्षाला एक अशा नसतात, खरी वर्षाची वळी बाजूला आणि मागे शोधावी लागतात. ठळक दिसणारी खूण आणि उपयोगाची खूण निसर्गात पुष्कळदा वेगवेगळ्या असतात.

महाराष्ट्रात रानशेळी नाही आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. पण कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पर्वतांत राहणाऱ्या पांढऱ्या ‘माउंटन गोट’ची मर्यादित शिकार परवान्याने होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिथला अनुभव फार बोलका आहे, म्हणून तिकडे जरा सविस्तर पाहू.

या प्राण्यात नर-मादी दोघांनाही शिंगे असतात. दोघेही पांढरे, आणि मादीची शिंगे लांबीला नराइतकीच असू शकतात. फरक असतो जाडीत. नराचे शिंग बुडाशी जाड असते, दोन शिंगांमधली जागा अरुंद असते आणि शिंग सगळीकडे सारखे बाकदार असते. मादीचे बारीक असते आणि टोकाजवळ एकदम वळते. शिंगाची बरीचशी वाढ पहिल्या तीन-चार वर्षांतच होऊन जाते. पुढची वळी बुडाशी दाटीवाटीने बसतात, दुर्बिणीतूनही मोजता येत नाहीत. पहिले स्पष्ट वळे दुसऱ्या हिवाळ्यात पडते, म्हणून वळ्यांच्या संख्येत एक मिळवला की वय येते. शिंगाच्या लांबीवरून मात्र चार वर्षांचा नर कोणता आणि आठ वर्षांचा कोणता हे सांगता येत नाही. आकारमानाचेही तेच. शरद ऋतूत अंगावर दाट लोकर आली की तोच प्राणी उन्हाळ्यातल्यापेक्षा दीडपट दिसतो. शेजारी तुलनेला दुसरा प्राणी नसला तर उघड्या कड्यावर लहान-मोठे काहीच उमगत नाही.

आणि चूक झाली तर? या प्रजातीची मादी पहिल्यांदा विते तीच मुळी चार-पाच वर्षांची झाल्यावर, आणि एका वेळी सहसा एकच पिल्लू. आपली शेळी दीड वर्षाच्या आसपास विते आणि पुष्कळदा जुळी देते. तिच्याशी तुलना केली म्हणजे नर समजून एक प्रौढ मादी मारली गेल्याने कळपाचे किती नुकसान होते ते कळेल. अल्बर्टा प्रांतात कळप घटत गेल्यामुळे १९८७ मध्ये ही शिकार बंदच करावी लागली आणि २००१ मध्ये ती अगदी मोजक्या परवान्यांपुरती पुन्हा सुरू झाली. अलास्कात तर काही भागांत नर-मादी ओळखण्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट त्याच अल्बर्टातल्या रॅम माउंटन या डोंगरावर घडली. तिथे बिगहॉर्न नावाच्या रानमेंढ्या आहेत. नियम असा होता की ज्या नराच्या शिंगाचा वेढा ठरावीक प्रमाणात पूर्ण झाला आहे त्यालाच मारायचे. उद्देश चांगला होता, वयस्क नरच मारले जावेत. पण नियमात वयाचा उल्लेख नव्हता, आकाराचा होता. ज्या नरांची शिंगे झपाट्याने वाढत ते कोवळ्या वयातच ‘मारण्यायोग्य’ ठरत. त्यांना फारशी संतती होण्याआधीच गोळी लागे. ज्यांची शिंगे मुळातच खुजी ते मात्र वर्षानुवर्षे टिकत आणि प्रजोत्पादन करत. डेव्हिड कोल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. नरांची शिंगे आणि वजने पिढ्यान्‌पिढ्या घटत गेल्याचे आणि त्यामागे आनुवंशिक बदल असल्याचे त्यांत दिसले. या घटीत पोषणाचा आणि मेंढ्यांच्या संख्येचा वाटा किती यावर नंतर बराच वाद झाला. निवडीची दिशा मात्र उलटी होती, याविषयी शंका नाही.

आपल्या गावातली निवड

आता पुन्हा बाजारात येऊ. विदर्भातल्या बेरारी शेळीच्या मालकिणीकडे या मोसमात तीन बोकड आहेत असे समजा. व्यापारी आला. त्याला कोणता हवा असेल? जो सर्वांत मोठा दिसतो तो. तिलाही पैशांची निकड असते, आणि त्याचाच भाव चांगला येतो. तो गेला. ईदला किंवा जत्रेला त्याच्या खालोखालचा गेला. उरला तो मागे राहिलेला, आणि पुढच्या मोसमात गावातल्या शेळ्या फळवायला तोच हाताशी असतो. रॅम माउंटनवर बंदुकीने जे केले तेच आपल्याकडे बाजार करतो, आणि तेही दरवर्षी, कुणाच्या मनात नसताना. शेळीपालनाच्या शास्त्रात ‘पैदाशीचा बोकड निवडून ठेवा’ हा सल्ला पहिल्या पानावर असतो, तो यासाठीच.

पण निवडायचा कसा? इथे वय आणि वजन वेगळे करणे अटळ ठरते. दोन बोकड घ्या. दोघांचेही वजन २० किलो. बघणाऱ्याला दोघे सारखे. एकाचे दात दुधाचे आहेत आणि मालकिणीच्या सांगण्यावरून तो नऊ महिन्यांचा आहे. दुसरा दोनदाती, पंधरा महिन्यांचा. जन्मताना दोघांचे वजन २ किलो धरले तर पहिल्याने २७० दिवसांत १८ किलो वजन कमावले, म्हणजे रोज सुमारे ६७ ग्रॅम. दुसऱ्याने तेच ४५० दिवसांत, म्हणजे रोज ४० ग्रॅम. सारख्या दिसणाऱ्या दोन जनावरांत वाढीच्या वेगाचा हा एवढा फरक लपलेला असतो. खाटकाच्या दृष्टीने दोघांची किंमत एक. पैदाशीसाठी मात्र पहिला सोन्यासारखा, आणि नेमका तोच ‘कोवळा आहे, मांस चांगले’ म्हणून आधी विकला जातो.

अर्थात वाढीचा वेग सगळाच रक्तातून येत नाही. एकट्या जन्मलेल्या करडाला आईचे सगळे दूध मिळते, जुळ्यांना वाटून घ्यावे लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीला जन्मलेल्याला हिरवा पाला भरपूर, ऐन उन्हाळ्यात जन्मलेल्याला टंचाई. म्हणून तुलना करायची ती एकाच हंगामातल्या, सारख्या परिस्थितीत वाढलेल्या करडांची.

टेपने वजन

वजनकाटा नसेल तरी शिंप्याचा टेप गावात मिळतोच. शेळीच्या पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीभोवतीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीजवळच्या बसण्याच्या हाडापर्यंत लांबी मोजायची. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८४०, म्हणजे किलोत वजन. घेर ६२ आणि लांबी ५६ असेल तर ६२ × ६२ × ५६ = २,१५,२६४. याला १०,८४० ने भागले की १९.९, म्हणजे जवळपास २० किलो.

हा १०,८४० कुठून आला? मूळ सूत्र इंच आणि पौंडांत आहे, त्यात ३०० ने भागतात. एकके बदलली की हा आकडा येतो. पण मुलांना त्याहून रंजक उत्तर देता येईल. शेळीचे धड म्हणजे आडवे ठेवलेले एक नळकांडे समजा. परीघ ‘घ’ आणि लांबी ‘ल’ असलेल्या वृत्तचितीचे घनफळ घ × घ × ल भागिले ४ पाय, म्हणजे भागिले १२.५७. सजीवांच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते, म्हणून एक घनसेंटिमीटरला एक ग्रॅम धरू. किलोत उत्तर हवे तर भाजक १२,५७० येतो. आपल्या बोकडाचे वजन या हिशेबाने १७.१ किलो. उरलेले पावणेतीन किलो म्हणजे नळकांड्यात न धरलेले डोके, मान आणि पाय! नववीच्या पुस्तकातले सूत्र बोकडावर इतके बरे बसते याचे मला अजून नवल वाटते.

घेराचा वर्ग होतो, म्हणून घेर मोजताना झालेली चूक दुप्पट महागात पडते. ६२ च्या जागी ६३ वाचले तर वजन ६०० ग्रॅमहून जास्त वाढते. लांबीतल्या तेवढ्याच चुकीने साडेतीनशे ग्रॅमच. टेप घट्ट आवळू नये, सैलही सोडू नये. शेळी सरळ उभी असावी आणि मान खाली घातलेली नसावी. मोजणी सकाळी, चरायला जाण्यापूर्वी करावी, कारण चरून-पाणी पिऊन आलेल्या शेळीच्या पोटातच एक-दोन किलो वाढलेले असतात. बाजाराच्या दिवशी ही गोष्ट विकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही.

हे सूत्र सगळ्या जातींना आणि सगळ्या वयांना सारखे लागू पडत नाही. लहान करडांना तर बरेच चुकते. त्यामुळे शाळेने आपल्या गावचा भाजक आपणच काढावा हे उत्तम. आठ-दहा शेळ्या टेपने मोजायच्या आणि त्याच वेळी काट्यावरही घ्यायच्या. एखाद्याने करडू उचलून माणसाच्या वजनकाट्यावर उभे राहायचे आणि मग आपले वजन वजा करायचे. मोठ्या जनावरासाठी कापूस तोलायचा काटा चालतो. प्रत्येकीसाठी घ × घ × ल भागिले वजन काढायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. ती १०,८४० पासून किती दूर जाते, अदंत आणि जुळलेल्या शेळ्यांसाठी वेगवेगळी येते का, हे मुलांनाच शोधू द्यावे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हातातल्या कामातून शिक्षणाचा जो विचार मांडला गेला, त्यात शेळीच्या टेपला नक्कीच जागा मिळाली असती.

जंताच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे या आकड्याचा दुसरा उपयोग लगेच होतो. अंदाजाने कमी डोस दिला तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावलेले तेवढे मागे उरतात.

राहिली वयाची नोंद. ‘कधी झालं हे करडू?’ असे विचारले तर तारीख मिळत नाही. पण ‘पोळ्याच्या आधी की नंतर?’, ‘कापसाचा पहिला वेचा झाला होता का?’, ‘शाळा सुरू झाली होती का?’ असे विचारत गेले की पंधरा दिवसांच्या फरकाने जन्म ठरवता येतो, आणि कॅलेंडरवरून महिना काढता येतो. ज्या मुलांच्या घरी शेळ्या आहेत त्यांनी एका वहीत प्रत्येक करडाचे एक पान करावे. त्यावर जन्माचा महिना, एकटे की जुळे, आईचे नाव किंवा रंग, आणि दर महिन्याला घेर व लांबी एवढे लिहावे. दहा महिने झाले की पंधरवड्यातून एकदा ओठ उचलून बघायचे आणि पहिला रुंद दात दिसेल त्या दिवसाची तारीख टाकायची. वीस-पंचवीस करडांच्या अशा तारखा जमल्या म्हणजे आपल्या गावच्या शेळ्या कितव्या महिन्यात दोनदाती होतात ते कळेल, आणि पुढच्या बाजारात दात पाहून कुणी वय सांगितले तर ते त्या वहीशी ताडून पाहता येईल.